पडदा आला, मग पुढे काय? वर्गातल्या रेडिओ-टीव्हीची शंभर वर्षं

 ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.

आजचा विषय शाळेतला आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत शाळेच्या भिंतीवर 'डिजिटल शाळा' अशी पाटी लागली. कुठे प्रोजेक्टर आला, कुठे टीव्ही आला, कुठे टॅबलेट आले. आणि हे सगळं सरकारनेच दिलं असं नाही. पुष्कळ ठिकाणी लोकवर्गणी झाली. कुणी पाचशे दिले, कुणी हजार, गावातला नोकरीला लागलेला मुलगा पाच हजार देऊन गेला. म्हणजे हा पैसा लोकांच्या घामाचा आहे. म्हणूनच तो पडदा वर्गात नेमकं काय करतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

हा प्रश्न आजचा वाटतो खरा, पण तो शंभर वर्षं जुना आहे. सिनेमा आला तेव्हा विचारला गेला, रेडिओ आला तेव्हा विचारला गेला, टीव्ही आला, उपग्रह आला, तेव्हाही विचारला गेला. आणि गंमत म्हणजे उत्तरं फारशी बदललेली नाहीत. आज मी तुम्हाला चार-पाच प्रयोगांची गोष्ट सांगणार आहे. त्यातला एक आपल्या पुणे, नगर, नाशिकच्या गावांतला आहे. आणि एक इतका मोठा, की त्यासाठी अमेरिकेने आपला एक उपग्रह वर्षभर आपल्याकडे वळवला होता.

एडिसनचा अंदाज

सुरुवात १९१३ सालापासून करू. थॉमस एडिसन तेव्हा चलच्चित्राच्या धंद्यात होता. त्याने एका मुलाखतीत भाकीत केलं की शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होतील, कारण माणसाला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट सिनेमातून शिकवता येईल. दहा वर्षांत शाळा ओळखू येणार नाहीत, असा त्याचा एकंदर सूर होता.

तसं झालं नाही. का झालं नाही? सिनेमा वाईट होता म्हणून नव्हे. शिक्षकाच्या जागी उभं राहून विचार करा. फिल्म आधी मागवायची. ती ज्या दिवशी येईल त्या दिवशी तो धडा चालू असेलच असं नाही. प्रोजेक्टर शाळेत एकच, तो आणायचा, जोडायचा. खोलीत अंधार करायचा. मध्येच फिल्म तुटली तर पंचाईत. आणि हे सगळं पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत बसवायचं. ज्या शिक्षकाला रोज पाच-सहा तासिका घ्यायच्यात, तो हे वर्षातून किती वेळा करेल?

तुलनेला फळा घ्या. फळा हेही एक तंत्रज्ञानच आहे, आपण ते विसरतो एवढंच. तो भिंतीवर कायम हजर असतो. हवं ते लिहा, हवं तेव्हा थांबा, चुकलं तर पुसा, पोराला बोलावून त्याच्या हातात खडू द्या. फळा टिकला तो या कारणाने. त्याची सगळी सूत्रं शिक्षकाच्या हातात असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हापुन्हा लागणार आहे.

१९५६: पुण्याचा प्रयोग

आता आपल्याकडे येऊ. साल १९५६. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, राज्य अजून मुंबई राज्यच. त्याच वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये एक प्रयोग झाला. आकाशवाणी आणि युनेस्को त्याच्या मागे होते. त्याचा अभ्यास केला मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली.

हा काही मुलांचा वर्ग नव्हता. शिकणारे होते मोठे शेतकरी. पण वर्गाबद्दल त्यातून जे कळलं, ते मला तरी फार मोलाचं वाटतं.

कल्पना मूळची कॅनडाची. तिथे १९४० च्या दशकात शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालत. त्याच धर्तीवर आपल्याकडे प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ केलं. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे. ठरलेल्या वेळी मंडळी रेडिओभोवती जमायची आणि अर्धा तास ऐकायची. आणि मग, हे महत्त्वाचं, रेडिओ बंद करून बोलायला बसायची. हे आपल्या गावात जमेल का? खर्च कुणी करायचा? गेल्या साली अमक्याने केलं होतं त्याचं काय झालं? मंडळाचा एक निमंत्रक असायचा. तो चर्चेचा वृत्तांत लिहायचा, उरलेले प्रश्न आकाशवाणीला पाठवायचा, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची.

न्यूरथ आणि त्यांच्या माणसांनी तीन प्रकारची गावं निवडली. एक, जिथे मंडळ आहे. दोन, जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही. तीन, जिथे रेडिओच नाही. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले.

काय निघालं? मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली होती. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे वाढ थोडकीच. रेडिओच नव्हता तिथे जवळपास काही नाही.

आता जरा थांबून याचा अर्थ बघू. पहिल्या आणि दुसऱ्या गावांत यंत्र तेच आहे. रेडिओ दोन्हीकडे आहे, लहरी दोन्हीकडे पोचतात. फरक कशाचा? ऐकून झाल्यावर काय होतं, याचा. यंत्रानंतरचा अर्धा तास हाच खरा प्रयोग होता. आणि त्या अर्ध्या तासाला तसा काही खर्च नव्हता. एक कंदील, एक सतरंजी आणि विषय भरकटू न देणारा एक माणूस, बस.

या प्रयोगानंतर आकाशवाणीने ही मंडळं देशभर नेली. संख्या वाढली, पण वृत्तांत मागवणं, प्रश्नांना उत्तरं देणं, निमंत्रकाला तयार करणं, याला जी माणसं लागतात ती त्या प्रमाणात वाढली नाहीत. हळूहळू उरला तो रेडिओ. म्हणजे पहिल्या प्रकारचं गाव पुन्हा दुसऱ्या प्रकारचं झालं.

विमानातून शाळा, बेटावरची शाळा

याच सुमारास अमेरिकेत काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकायला भारी आहे. १९६१ साली तिथे शाळांना टीव्हीचे धडे देण्यासाठी चक्क विमानं उडवायला सुरुवात केली. इंडियाना राज्यातल्या परड्यू विद्यापीठाच्या विमानतळावरून डीसी-६ विमान उडायचं, सुमारे २३ हजार फुटांवर जाऊन घिरट्या घालायचं, आणि तिथून आजूबाजूच्या सहा राज्यांतल्या शाळांना धडे प्रक्षेपित करायचं. उंच मनोरा बांधण्याऐवजी विमानच मनोरा! हा कार्यक्रम १९६८ पर्यंत चालला. पुढे त्याचं काम जमिनीवरच्या केंद्रांनी घेतलं.

दुसरा प्रयोग प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआचा. तिथले गव्हर्नर रेक्स ली यांनी पाहिलं की शाळांची अवस्था वाईट आहे, शिक्षकांचं प्रशिक्षण अपुरं आहे. त्यांनी ठरवलं, मुख्य शिकवणं टीव्ही करेल आणि वर्गातला शिक्षक त्यानंतरचा सराव घेईल. १९६४ पासून हे सुरू झालं आणि काही वर्षांत बेटावरच्या बहुतेक मुलांपर्यंत पोचलं.

लहान वर्गांना ते आवडलं. पण वरच्या वर्गांतली मुलं आणि त्यांचे शिक्षक कंटाळले. स्टुडिओतला शिक्षक सगळ्या वर्गांना एकाच वेगाने नेणार. इकडे समजलं नाही तरी तो पुढे जाणार. कुणी हात वर केला तर त्याला दिसणार नाही. आणि वर्गातल्या शिक्षकाला काय वाटत असेल? मुख्य माणूस पडद्यावर, आपण मदतनीस. १९७० च्या दशकात वरच्या वर्गांतला टीव्हीचा वापर कमी होत गेला आणि शिकवणं पुन्हा वर्गातल्या शिक्षकाकडे आलं.

आपल्याकडेही १९६१ साली दिल्लीत शालेय टीव्ही सुरू झाला होता. विज्ञानाचे शिक्षक आणि प्रयोगशाळा कमी, म्हणून चांगल्या शिक्षकाचा धडा अनेक शाळांत दाखवायचा, असा विचार. पण तो एका शहरापुरता होता. खेड्यात टीव्ही न्यायचा म्हणजे कसा न्यायचा?

१९७५: साइट

आता मोठ्या गोष्टीकडे येऊ. विक्रम साराभाईंचं म्हणणं असं होतं की गरीब देशाने सर्वांत पुढचं तंत्रज्ञान थेट खेड्यात न्यावं. एकेका शहरात मनोरे उभे करत खेड्यापर्यंत पोचायला कित्येक वर्षं लागतील, उपग्रहाने एका दमात पोचता येईल. १९६९ साली भारताचा अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. पण काम थांबलं नाही. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख यश पाल होते आणि या प्रयोगाची सूत्रं एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती. चिटणीस आपल्या कोल्हापूरचे.

नासाने १९७४ च्या मे महिन्यात एटीएस-६ हा उपग्रह सोडला. वर्षभर अमेरिकेवर काम करून तो पूर्व आफ्रिकेच्या वर सरकवला गेला, जिथून भारत त्याच्या टप्प्यात येत होता. आणि १ ऑगस्ट १९७५ ला सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट सुरू झाला. सगळे त्याला 'साइट' म्हणत, आपणही तेच म्हणू.

राज्यं सहा: आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान. महाराष्ट्र त्यात नव्हता. गावं सुमारे २४००, मुद्दाम मागास भागांतली. भाषा चार: हिंदी, तेलुगू, कन्नड, उडिया. गावागावात एक सार्वजनिक टीव्ही, आणि छपरावर किंवा अंगणात दहा फुटांची अँटेना. ही अँटेना कशाची माहितीये? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. अहमदाबादच्या अभियंत्यांनी ती अशीच स्वस्त, गावात उभी करता येईल अशी केली होती. टीव्ही हैदराबादच्या ईसीआयएलने बनवले. वीज नव्हती तिथे बॅटरीवर. लेखक आर्थर क्लार्क यांनी संपर्क उपग्रहांची कल्पना १९४५ सालीच मांडली होती. त्यांच्या कोलंबोच्या घरीही असाच एक संच बसवून दिला गेला.

संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम असायचे. सकाळचा दीड तास पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. चार भाषांत वाटला की प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं.

शाळा कशा होत्या ते डोळ्यांसमोर आणा. बऱ्याच ठिकाणी एक किंवा दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता एकत्र. मग टीव्हीवर नेमका कोणत्या इयत्तेचा धडा दाखवणार? म्हणून सकाळच्या कार्यक्रमांचा हेतू अभ्यासक्रम उरकणं हा नव्हताच. गोष्टी, खेळ, निसर्ग, विज्ञान, गावाबाहेरचं जग, असा तो ऐवज होता. विज्ञानाचे काही कार्यक्रम इस्रोने आपल्या मुंबईच्या स्टुडिओत तयार केले.

वर्षभराने निकाल आले. साइटचं मला सर्वांत कौतुक वाटतं ते इथे. इतका खर्चाचा, इतका गाजावाजा झालेला प्रयोग, पण त्याचं मूल्यमापन हातचं राखून केलं नाही. समाजशास्त्रज्ञांनी गावोगाव पाहण्या केल्या, काही गावांत मानवशास्त्रज्ञ मुक्काम करून राहिले. आणि मुलांबद्दल जे निघालं ते सरळ सांगितलं. टीव्ही आला म्हणून शाळेतली पटसंख्या वाढली नाही. गळती थांबली नाही. शालेय विषयांतल्या प्रगतीतही ठळक फरक पडला नाही. फरक पडला तो भाषेत. टीव्ही बघणाऱ्या मुलांची भाषेची समज वाढली, आणि माहिती अनेक ठिकाणांहून शोधण्याची सवय वाढली.

पटसंख्या का वाढली नाही? कारण पोरगी शाळेत येत नव्हती ती टीव्ही नव्हता म्हणून नव्हे. घरी धाकटं भावंड सांभाळायला होतं, रानात खुरपणी होती. त्या दुखण्यावर हे औषधच नव्हतं. भाषा का वाढली? कारण त्या गावातल्या मुलाच्या कानावर एरवी पडणारे शब्द तेवढेच होते. टीव्हीने नवे शब्द आणले, आणि शब्दासोबत ती वस्तूही दाखवली. जे यंत्राला जमतं ते त्याने केलं. जे जमत नाही, ते त्याच्यावर लादूनही झालं नाही.

साइटमधला आणखी एक भाग आहे, त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तो म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण. ऑक्टोबर १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, बारा-बारा दिवसांचं विज्ञानाचं प्रशिक्षण झालं. दोन्ही मिळून जवळपास ४८ हजार प्राथमिक शिक्षक. यात नुसता टीव्ही नव्हता. टीव्हीवर कार्यक्रम, जोडीला रेडिओ, हातात छापील साहित्य, समोर हाताने करायचे प्रयोग, आणि प्रत्येक केंद्रावर गटाशी बोलणारा एक मार्गदर्शक. ओळखीचं वाटतंय ना? हे पुण्याच्या मंडळाचंच रूप. आणि साइटच्या यशस्वी भागांत या प्रशिक्षणाचं नाव आवर्जून घेतलं जातं.

३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला. उपग्रह करारानुसार परत गेला. काही भागांत पुढे जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून कार्यक्रम चालू राहिले. बाकी गावांतले पडदे मात्र बंद झाले.

निकाराग्वा: रेडिओतली शांतता

साइट चालू होता त्याच वर्षांत, जगाच्या दुसऱ्या टोकाला, मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात एक लहानसा प्रयोग चालला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी तिथल्या प्राथमिक शाळांत रेडिओवरून गणित शिकवायला घेतलं. १९७४ साली काम सुरू झालं.

रेडिओवरून गणित! फळा नाही, चित्र नाही. कसं जमणार? त्यांनी एक साधी युक्ती केली. रेडिओवरचं पात्र प्रश्न विचारायचं, आणि गप्प बसायचं. काही सेकंद नुसती शांतता. तेवढ्यात वर्गातल्या सगळ्या पोरांनी मोठ्याने उत्तर द्यायचं. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. पुन्हा प्रश्न, पुन्हा शांतता. कधी उत्तर वहीत लिहायचं, कधी खडे मोजायचे, कधी उभं राहायचं. अर्ध्या तासात मूल कितीतरी वेळा काहीतरी करायचं. आणि रेडिओ संपल्यावर शिक्षक त्याच गणितांचा सराव घ्यायचे.

कार्यक्रम आधी खऱ्या वर्गात वाजवून बघत. कुठल्या प्रश्नाला पोरं अडखळतात, कुठे शांतता कमी पडते, ते पाहून दुरुस्त करत. निकाल? चाचण्यांत रेडिओवाले वर्ग इतरांपेक्षा स्पष्ट पुढे होते. पुढे हीच पद्धत केनियात इंग्रजी शिकवायला वापरली आणि मग आणखी कितीतरी देशांत गेली.

विमान, उपग्रह, रंगीत पडदा, हे सगळं एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला एक ट्रान्झिस्टर आणि चार सेकंदांची शांतता. गणिताच्या बाबतीत ट्रान्झिस्टर भारी पडला. कारण त्या चार सेकंदांत काम मुलाचं डोकं करत होतं.

बटण कुणाच्या हातात?

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९८३ ला इन्सॅट-१बी वर गेला. १९८४ ला पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली, मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी संस्था. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या हॉलमध्ये मांडी घालून ते कार्यक्रम बघितले असतील. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर आला. २००४ ला फक्त शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह सुटला. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका आली. तिची मांडणीच अशी होती की मुलांनी घरातल्या वस्तू घेऊन, आई-बाबांशी बोलत काहीतरी करून बघावं.

पण या सगळ्यात एक अडचण कायम होती. कार्यक्रम त्याच्या वेळेला लागणार. वर्गात धडा आला नसेल तरी लागणार. वीज गेली तर गेला. कळलं नाही म्हणून थांबवायची सोय नाही.

ही अडचण आता संपली आहे, आणि शंभर वर्षांतला खरा बदल माझ्या मते हाच आहे. आज शिक्षक व्हिडिओ थांबवू शकतात, मागे नेऊ शकतात, आवाज बंद करू शकतात. धडा जुलैत असेल तर जुलैत, आणि ज्यांना तेव्हा कळला नाही त्यांना ऑगस्टमध्ये पुन्हा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना ज्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला, त्यांचं काम याच अर्थाने महत्त्वाचं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकला, म्हणजे पडदा पुस्तकाला बांधला गेला. धडा जिथे आहे, तिथेच त्याचं चित्र. कधी बघायचं ते वर्गाने ठरवायचं.

पडद्याला फळ्याचा गुण पहिल्यांदाच मिळालाय. सूत्रं शिक्षकाच्या हातात आली आहेत. पण बटण हातात आलं म्हणून ते दाबलं जातंच असं नाही. व्हिडिओ लावला, पंधरा मिनिटं पूर्ण चालू दिला, टाळ्या, पुढचा विषय, असं झालं तर आपण पुन्हा १९५६ च्या त्या दुसऱ्या प्रकारच्या गावात बसलोय. रेडिओ आहे, मंडळ नाही.

मग करायचं काय?

एक उदाहरण घेऊ. बीज अंकुरण, प्राथमिकचा विषय. इंटरनेटवर याचे सुंदर व्हिडिओ आहेत, आठवड्याभराची वाढ अर्ध्या मिनिटात दिसते. पण आपल्या पोरांनी मोड आलेली मटकी घरी शेकडो वेळा बघितलेली असते. मग सुरुवात तिथून करा. आदल्या दिवशी वर्गात मटकी भिजत घाला, फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ लावण्याआधी विचारा: आधी मूळ येईल की पान? दाणा उलटा पेरला तर मूळ वर जाईल का? हात वर करून मतं घ्या, फळ्यावर लिहा. हे झालं पडद्याच्या आधीचं काम. आता मुलं व्हिडिओ बघणार ते आपलं उत्तर बरोबर आलं का हे पाहायला.

मग व्हिडिओ लावा, आवाज बंद करून. मूळ बाहेर येतं तिथे थांबवा. काय दिसलं? कुणीतरी सांगू दे. पुन्हा चालू करा, मूळ वळतं तिथे थांबवा. का वळलं असेल? चार सेकंद गप्प बसा. ती शांतता शिक्षकाला फार लांब वाटते, मुलाला मात्र तेवढी लागतेच. मग आवाजासकट पूर्ण दाखवा. सगळं मिळून व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, तासिका मात्र पूर्ण.

आणि नंतर? फडकं सोडा. पडद्यावर बघितलं ते मटकीच्या दाण्यात सापडतंय का ते शोधा. वहीत चित्र काढा. पडदा बंद झाल्यावरचा हा वेळ म्हणजेच आपलं सतरंजीवरचं मंडळ.

यात पडद्याने काय केलं? एरवी डोळ्याला न दिसणारी गोष्ट दाखवली, म्हणजे मुळाची हालचाल. ज्वालामुखी, हृदयाचे ठोके, ध्रुवावरचं बर्फ, याला पडदा हवाच. पण जे अंगणात आहे त्यासाठी पडदा कशाला? ओढा शाळेच्या मागे वाहत असेल तर नदीचा व्हिडिओ नंतर, आधी ओढा.

आणखी एक गोष्ट, ही मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि वर्गणी देणाऱ्या गावकऱ्यांसाठी. पडद्याचे पैसे उभे करताना शिक्षकांच्या वेळेचेही उभे करा. साइटमध्ये शिक्षकांसाठी बारा-बारा दिवस काढले होते. आपल्याकडे पुष्कळदा यंत्र बसवायला आलेला माणूस अर्ध्या तासात रिमोट समजावून जातो आणि त्यालाच प्रशिक्षण म्हणतात. मग पॅनेलवर प्लास्टिक तसंच राहतं, आणि बोल लागतो शिक्षकाला: 'एवढं घेऊन दिलं, वापरता येत नाही.' हा बोल मला अन्यायाचा वाटतो. महिन्यातून एक दुपार चार शिक्षकांनी एकत्र बसावं. कुठला व्हिडिओ कुठे थांबवायचा, कुठला प्रश्न विचारायचा, एवढंच ठरवावं. एवढं केलं तरी त्या पडद्याचे पैसे वसूल होतील.

एडिसनपासून साइटपर्यंत आणि विमानापासून क्यूआर कोडपर्यंत, प्रत्येक वेळी आपण एकच गोष्ट मोजत आलोय: किती शाळांत यंत्र पोचलं. पुण्याच्या त्या दीडशे गावांनी दुसरी गोष्ट मोजायला शिकवलं होतं: ते बंद केल्यावर लोक काय बोलले. तुमच्या शाळेत पडदा असेल, तर या आठवड्यात तो बंद झाल्यानंतरची दहा मिनिटं बघा. तिथे काय चालतं, ते मला जरूर कळवा.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.